कारणे जातात, भिंती राहतात

आपल्याकडे फुटबॉल म्हटले की एकच खेळ डोळ्यांपुढे येतो. मुंबईच्या कूपरेजवर किंवा कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर खेळला जाणारा, गोलरक्षकाखेरीज कोणी चेंडूला हात लावायचा नाही, असा. मेलबर्न, डब्लिन किंवा टेक्सासमध्ये मात्र याच नावाने निराळे खेळ ओळखले जातात. रग्बीचे दोन पंथ आहेत ते वेगळेच. प्रत्येकाला आपलाच फुटबॉल अस्सल वाटतो. वस्तुतः ही सारी एकच भावकी आहे आणि तिच्या वाटणीची कथा खेळापुरती मर्यादित नाही.

ज्या असोसिएशन फुटबॉलला आपण हातांचा वैरी समजतो, त्याचे लंडनमध्ये तयार झालेले १८६३चे मूळ नियम वाचावेत. त्यांत खेळाडूला चेंडू हवेत झेलण्याची मुभा होती. झेल घेऊन टाचेने जमिनीवर खूण केली की त्याला मोकळी किक मिळे. ही खूण, म्हणजे ‘मार्क’, आजही रग्बी युनियनमध्ये आणि ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये टिकून आहे. अमेरिकन फुटबॉलमधील ‘फेअर कॅच’ हे तिचेच भावंड. चेंडूच्या पुढे असलेला सहकारी ऑफसाइड, हा रग्बीचा आजचा दंडकही त्याच नियमांत होता. रग्बीत गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवण्याला ‘ट्राय’ म्हणतात, कारण आरंभी त्याला स्वतःचे गुण नसत. गोलकडे किक मारून पाहण्याचा हक्क तेवढा मिळे. असाच हक्क १८६३च्या नियमांतही होता. अमेरिकन खेळात चेंडू जमिनीला टेकवावा लागत नाही, तरी नाव मात्र ‘टचडाउन’ असेच राहिले आहे. नियम बदलले, पण शब्दांनी जुने नाते जपले.

मग घर फुटले कशावरून? १८६३ साली चेंडू हाती घेऊन धावणे आणि प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारणे या दोन मुभा नियमांच्या मसुद्यातून वगळल्या गेल्या. लाथेविना खेळातील मर्दुमकी जाईल, असे म्हणत ब्लॅकहीथ क्लब बाहेर पडला. पुढे १८७१ साली स्थापन झालेल्या रग्बी युनियनने आपल्या पहिल्याच नियमांत ती लाथ निषिद्ध ठरवली! भांडणाचे एक मोठे कारण आठ वर्षांत संपले. वाटणी मात्र कायम राहिली.

दुसरी फूट अधिक बोचरी आहे. उत्तर इंग्लंडच्या रग्बी संघांत खाणकामगार आणि गिरणीकामगार होते. शनिवारी सामना म्हणजे मजुरीचा खाडा. त्या खाड्याची भरपाई द्यावी, एवढीच त्यांच्या क्लबांची मागणी होती. ज्यांना खाडा म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, त्यांनी हौशी खेळाच्या शुद्धतेचा हवाला देऊन ती फेटाळली. तेव्हा २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथे उत्तरेच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली व दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत भरपाई मान्य केली. तीच आजची रग्बी लीग. तिकडे गेलेल्या खेळाडूला युनियनचे दार कायमचे बंद होई. अखेर ऑगस्ट १९९५मध्ये, शंभर वर्षांनी, युनियननेही खेळाडूंना पैसे देणे मान्य केले. जे पाप म्हणून भाऊ वेगळा काढला, तेच पुढे धोरण झाले. दरम्यान ज्यांचे खेळण्याचे वय निघून गेले, त्यांची भरपाई कोण करणार?

आयर्लंडमध्ये भिंत वर्गाची नव्हे, राष्ट्राभिमानाची होती. १८८४ साली स्थापन झालेल्या गेलिक संघटनेने ‘परकीय’ खेळ खेळणाऱ्या, इतकेच नव्हे तर पाहणाऱ्या सभासदांवरही बंदी घातली. १९३८ साली राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड एका आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामन्यास उपस्थित राहिले, म्हणून त्यांचे आश्रयदातेपद काढून घेण्यात आले. आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी हयात वेचलेल्या माणसावर ही पाळी यावी! ती बंदी १९७१ साली उठली. डब्लिनच्या ज्या क्रोक पार्कवर १९२० साली ब्रिटिश दलांच्या गोळीबारात चौदा जणांचे प्राण गेले, तेथेच २४ फेब्रुवारी २००७ रोजी इंग्लंडचा रग्बी संघ खेळला. त्याचे राष्ट्रगीत प्रेक्षकांनी शांतपणे ऐकले आणि मग आयर्लंडने तो सामना ४३–१३ असा जिंकला. स्वाभिमानाला याहून शोभेसे उत्तर कोणते असणार?

सगळे फुटबॉल एक व्हावेत, असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येकाचे सौंदर्य वेगळे आहे आणि ती विविधता हवीच. आक्षेप आहे तो वेगळेपणाचे रूपांतर सोवळ्यात करण्याला. शुद्धतेच्या नावाने कोणाला बाहेर ठेवले जात असेल, तेथे आधी त्या शुद्धतेची किंमत कोणाच्या खिशातून जाते हे तपासावे. माणसांनी केलेले नियम माणसांनाच बदलता येतात. ते वेळेवर बदलले तरच बाहेर ताटकळणाऱ्याला मैदानावर उतरता येते.