नवा साउंडबार आणि गुरुजींचे कान

सोयाबीन घरात आले, त्याचे पैसे हाती पडले आणि तूर अजून शेतात उभी आहे, असा वऱ्हाडातला जो पंधरवडा असतो, त्यात गावोगावी खरेदीच्या गप्पांना बहर येतो. मालेगावहून शेलूबाजारकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे किन्हीराजा हे माझे आजोळ. दिवाळीनंतर चार दिवस मी तेथे जाऊन राहतो. वैद्यकीय व्यवसायातून निवृत्त झाल्यापासून हा नेम चुकलेला नाही. गेल्या खेपेस ज्या घरी उतरलो होतो, त्याच्या ओसरीवर रोज संध्याकाळी चार-पाच समवयस्क जमत. सारे पासष्टी ओलांडलेले. मला वाटले होते, गुडघे, साखर आणि रक्तदाब यांवरच बोलणे होईल. प्रत्यक्षात विषय निघाला तो कोणी कोणते यंत्र घेतले याचा.

एकाने दूरदर्शन संचाखाली ठेवायचा लांबट साउंडबार आणला होता, सोबत जमिनीवर ठेवायचा सबवूफर. दुसऱ्याने मुलाचा जुना संगणक दुरुस्त करून घेतला होता. आतली फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, रॅम ४ जीबीची ८ जीबी केली, आणि जे यंत्र सुरू होईपर्यंत चहा पिऊन व्हायचा ते आता चष्मा पुसेपर्यंत तयार होते, असे तो अभिमानाने सांगत होता. तिसऱ्याकडे कारवान होता, जुन्या रेडिओच्या घाटाचा, २०१७ साली बाजारात आलेला, आत ५,००० गाणी भरलेला. या वयाच्या माणसांना वस्तूंचा लोभ नसावा असे म्हणणारे म्हणोत. ज्यांच्या तरुणपणी रेडिओसाठी टपाल कचेरीत परवान्याचे पैसे भरावे लागत, ज्यांनी बुधवारच्या गीतमालेसाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहून कान टवकारले, त्यांच्या घरात आज स्वतःचे यंत्र वाजते आहे. त्या आनंदाला मी तरी नावे ठेवणार नाही.

साउंडबारवाले मित्र म्हणाले, “डाक्टर, किती वॅटचा असंन, सांगा बरं!” मग स्वतःच आकडा सांगून त्यांनी सर्वांकडे पाहिले. सगळे हसले. पाचवे गृहस्थ, गावातल्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, तेही हसले. पण इतरांपेक्षा क्षणभर उशिरा. वैद्यकाच्या सवयीने माझे लक्ष त्या क्षणभरावर गेले.

दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या घरी चहाला गेलो असता त्यांच्या सूनबाईंनी मला स्वयंपाकघराच्या दाराशी थांबवले. “डॉक्टरकाका, मामाजींचं डोकं बरोबर आहे ना? विचारावं एक, तर सांगतात दुसरंच. परवा ह्यांनी विचारलं, बँकेत जाऊन आलात का, तर म्हणाले, भाकर खाल्ली.” घरात ठरत आले होते की आता बँकेचे पुस्तक मुलाकडे घ्यावे. गुरुजींना विस्मरण होऊ लागले आहे, असे सर्वांनी मनाशी धरले होते. नवा साउंडबार आपणही घ्यावा, म्हणजे टीव्हीचा आवाज त्यांना नीट पोचेल, एवढाच एक उपाय घरात सुचला होता.

मी गुरुजींच्या समोर, उजेडात, हातभर अंतरावर बसलो आणि सावकाश बोललो. अर्ध्या तासात त्यांनी एकही उत्तर चुकवले नाही. जिल्ह्याची निर्मिती कधी झाली असे सहज विचारले, तर ‘१ जुलै १९९८, त्याआधी आपण अकोल्यात होतो’ असे तारखेनिशी सांगितले. मग मी उठून खिडकीशी गेलो, पाठ फिरवली आणि तोच आवाज ठेवून दोन प्रश्न विचारले. एकाचे उत्तर भलतेच आले. दुसऱ्याचे आलेच नाही. शेवटी ते स्वतःच म्हणाले, “मले आवाज येते हो, शब्द येत नाही.”

या एका वाक्यात वार्धक्यातील श्रवणऱ्हासाचे सारे शास्त्र आहे. वयोमानाने आंतरकर्णातील सूक्ष्म केसपेशी झिजतात, आणि ही झीज सुरू होते ती उच्च कंपनांच्या बाजूने. बोलण्यातील स्वर म्हणजे आ, ओ, ऊ हे कमी कंपनांचे, जोरकस असतात. ते शेवटपर्यंत ऐकू येतात. स, श, च, फ, थ, क अशी व्यंजने मात्र उच्च कंपनांची आणि नाजूक. ती आधी पुसली जातात. मग ‘सात’, ‘हात’ आणि ‘आठ’ यांत भेद उरत नाही. कोणी बोलते आहे हे कळते, काय बोलते हे कळत नाही, आणि मधली जागा मेंदू अंदाजाने भरतो. अंदाज चुकला की घरचे म्हणतात, म्हातारपणाने डोके फिरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठी ओलांडलेल्या माणसांपैकी २५ टक्क्यांहून अधिक लोकांना दैनंदिन जीवनात अडचण व्हावी इतका श्रवणदोष असतो. म्हणजे गुरुजींसारखे कोणी ना कोणी जवळपास प्रत्येक ओसरीवर बसलेले असणार.

आता साउंडबारकडे वळू, कारण घरच्यांचा विचार अगदीच चुकीचा नव्हता. पूर्वीच्या पेटीसारख्या संचात स्पीकर बहुधा पुढच्या बाजूस असे. आताचे संच इतके सडपातळ झाले की स्पीकर खाली किंवा मागे, भिंतीकडे तोंड करून बसवावा लागतो. संवाद आधी भिंतीवर आदळतात आणि मग आपल्याकडे येतात. त्यात मालिकांचे पार्श्वसंगीत. ‘जुन्या रेडिओवर कसे स्वच्छ ऐकू यायचे’ ही ज्येष्ठांची तक्रार निव्वळ स्मरणरंजन नाही. तेथे एकच निवेदक, एका लयीत, मागे कोणताही गलबला नसताना बोलत असे. तेव्हा पुढे तोंड असलेला स्पीकर बसवणे हा शहाणपणाचाच खर्च आहे.

फसगत होते ती वॅटच्या आकड्यात. वॅट दुप्पट केले की आवाजाची पातळी अवघी ३ डेसिबलने वाढते. कानाला ‘दुप्पट मोठे’ वाटायला साधारण दहापट शक्ती लागते. उलट मोकळ्या जागेत आपण स्पीकरपासूनचे अंतर निम्मे केले तर ६ डेसिबल मिळतात. घरात भिंतींमुळे थोडे कमी मिळतात, पण खुर्ची बारा फुटांवरून सहा फुटांवर आणायला पैसे पडत नाहीत. आणि तो सबवूफर! त्याचा घुमणारा खर्ज नाजूक व्यंजनांवर पांघरूण घालतो. मित्राचा विरस करून मी तो बंद करायला लावला, साउंडबारमधील संवाद स्पष्ट करणारी सोय चालू केली आणि त्याच्याच घरात त्याला बातम्या ऐकवल्या. तो गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, “खरं हाय बाप्पा.” चित्रपटाच्या वेळी मात्र सबवूफर चालूच ठेवीन, हेही त्याने बजावले.

खोलीचाही दोष असतो. वर पत्रा किंवा स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, चारी भिंती उघड्या. अशा खोलीत शब्द घुमत राहतो आणि मागचा शब्द पुढच्यावर चढतो. समोरच्या भिंतीवर एक जाड वाकळ टांगली, खाली सतरंजी अंथरली, तर घुमणे चांगलेच कमी होते. ही युक्ती गुरुजींच्या सूनबाईंना सर्वांत पटली. दुकानातून काही आणायचे नव्हते ना.

सतरंजीवरून आठवले. ती कडेला दुमडलेली नसावी, आणि स्पीकरची वा संगणकाची वायर चालण्याच्या वाटेत आडवी नसावी. माझ्या व्यवसायात मी मांडीच्या खुब्याची हाडे मोडलेली पाहिली, त्यांतली बरीच घरातल्या घरात पडून मोडलेली. रात्री लघवीला उठलेल्या माणसाला बोटभर जाडीची वायरही पुरते. वायर भिंतीच्या कडेने खिळ्यांनी बसवावी, हे यंत्र घेतलेल्या दिवशीच व्हावे. ‘उद्या करू’ म्हटले की ती वर्षभर तशीच राहते.

संगणकवाल्या मित्राची तक्रार मानेची होती. एसएसडी बसवल्यापासून ते यंत्रापाशी दोन-दोन तास बसू लागले. पुण्याच्या नातवाशी दृश्य-संवाद, जुनी छायाचित्रे, सातबारा उतारा. त्यांचा चष्मा द्विनाभी. वाचण्याची काच खालच्या अर्ध्यात, पडदा मात्र डोळ्यांच्या रेषेत. म्हणून हनुवटी वर करून पाहावे लागे आणि मान मागे वळलेली राही. पडदा चार बोटे खाली उतरवला, अक्षरे मोठी केली आणि हातभर अंतरासाठी वेगळा एकनाभी चष्मा करून घ्यायला सांगितले. कानात घालायचे हेडफोन त्यांनी बॅटरीचे घेतले आहेत. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी असे हेडफोन खिशात किंवा छातीवर लोंबत ठेवू नयेत, त्यांतील चुंबकाचा पेसमेकरवर परिणाम होऊ शकतो. आवाजाची मर्यादाही पाळावी: जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्यास ४० तास सुरक्षित मानते, ९० डेसिबलला केवळ ४. ऐकू येत नाही म्हणून आवाज चढवत जाणे म्हणजे उरलेला कानही खर्चात टाकणे होय.

गुरुजींसाठी मात्र साउंडबार हे उत्तर नव्हते. टीव्हीशिवायचे सारे जग, म्हणजे सून, नातू, बँकेतला कारकून, ओसरीवरचे मित्र, त्या यंत्रातून बोलत नाही. आधी कानातला मळ पाहावा लागतो; कित्येकदा निम्मे बहिरेपण तेवढ्यानेच जाते. मग कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि श्रवणचाचणी. बंद खोलीत निरनिराळ्या कंपनांचे सूर ऐकवून आलेख काढतात. गुरुजींचा आलेख डावीकडे ठीक होता आणि उजवीकडे डोंगरउतारासारखा घसरला होता. विस्मरण नव्हते, उतार होता. बँकेचे पुस्तक त्यांच्याच खणात राहिले.

दोन्ही गोष्टींचा संबंध नाही, असे मात्र समजू नये. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या ज्या टाळता येण्याजोग्या कारणांची यादी केली आहे, तीत श्रवणऱ्हासाला २०१७ पासून स्थान आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतील ७० ते ८४ वर्षांच्या माणसांवरील तीन वर्षांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. सर्वांचा एकत्र विचार करता श्रवणयंत्रांनी बुद्धीच्या ऱ्हासात फरक दिसला नाही. पण ज्यांना मुळातच धोका अधिक होता, त्यांच्यात हा वेग ४८ टक्क्यांनी कमी आढळला. विक्रेते दुसरा अर्धा सांगतात, पहिला गाळतात. आपण दोन्ही ध्यानात ठेवावेत.

खर्चाविषयी. राज्य शासनाच्या २०२४ सालच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २ लाख रुपयांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड-खुर्ची अशा साधनांसाठी एकवेळ ३,००० रुपये बँक खात्यात देण्याची तरतूद आहे. चांगल्या डिजिटल यंत्राची किंमत त्यात भागत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. गुरुजी निवृत्तिवेतनधारक, त्यांनी साउंडबारसाठी बाजूला काढलेल्या पैशांत भर घालून यंत्र घेतले.

पहिला पंधरवडा कठीण गेला. भांडे पडले की ते दचकत. वर्तमानपत्राची घडी मोडतानाचा आवाज त्यांना कर्कश वाटे. कित्येक वर्षे न ऐकलेल्या ध्वनींची मेंदूला पुन्हा ओळख व्हायला आठवडे लागतात. याच टप्प्यावर बहुतेक यंत्रे कपाटात जातात. सूनबाईंनी युक्ती केली: आरंभी सकाळी एक तास, घरातल्या एकाच माणसाशी बोलताना, मग दोन तास, बाजार आणि लग्नकार्य शेवटी. घरातल्या सर्वांना एक नियमही घातला, की दुसऱ्या खोलीतून हाक मारून काही सांगायचे नाही, समोर यायचे. नातवाला हा नियम पाळायला गुरुजींना यंत्राची सवय होण्यापेक्षा अधिक दिवस लागले.

संक्रांतीनंतर मी पुन्हा किन्हीराजाला गेलो. ओसरी भरलेली होती. या वेळी मधोमध गुरुजी बसले होते आणि कानामागचे ते इवलेसे यंत्र तळहातावर घेऊन दाखवत होते.

“किती चॅनेलचं हाय?” साउंडबारवाल्यांनी विचारले.

“फोन जोडता येते का त्याले?” हा संगणकवाल्यांचा प्रश्न.

गुरुजींनी खिशातून बिल्ल्यासारख्या बॅटरीचे पाकीट काढले, तपकिरी चिकटपट्टीचे, ३१२ क्रमांकाचे. ही बॅटरी हवेवर चालते, चिकटपट्टी काढल्यावर मिनिटभर थांबून मगच आत बसवायची, म्हणजे जास्त दिवस टिकते, असे त्यांनी वर्गात शिकवावे तसे सांगितले. कारवानवाले मित्र मागे बसले होते. त्यांनी हळूच विचारले, “गुरुजी, चाचणीले जावं लागते कुठं?”

गुरुजींनी मान वळवून लगेच उत्तर दिले.