सोयरिकीचा प्रवास

मे महिना लागला की कोल्हापुरात घरोघरी तोच फोन खणखणतो : ‘अंबाबाईला येतोय, दोन दिवस तुमच्याकडंच.’ पहिल्या दिवशी देवी आणि रंकाळा, दुसऱ्या दिवशी जोतिबा-पन्हाळा. तिसऱ्या दिवशी, ‘एवढं आलोय तर’ नरसोबाची वाडी. पुढे बेळगावात मावशी, हुबळीत साडूचा भाऊ, पणजीत मेहुणीची नणंद. घरी परतल्यावर पाहुणे सांगतात, लॉजवर राहून देश कळत नाही, माणसांत राहावं लागतं. शिवाय खर्चही काही नाही.

खर्चाचं वहिनींना विचारावं. आठ माणसांचा तांबडा-पांढरा करायचा म्हणजे सकाळीच तीळ, खसखस, खोबरं भाजायला घ्यायचं आणि पांढरा फुटू नये म्हणून गॅसपाशी उभं राहायचं. त्यात पाहुण्यांतला एक जण नेमका त्या दिवशी वार पाळणारा निघतो. त्याची आमटी वेगळी. निघताना ‘ऱ्हावा की आजचा दिवस’ असा आग्रह दारात उभे राहून दादाच करतात. वहिनी आत भडंगाच्या पुड्या बांधत असतात.

पण आमचा आक्षेप ‘देश कळला’ या वाक्याला आहे. ज्या घरी उतरलात त्यांची आडनावं एका कागदावर लिहून काढा. राज्य बदललं, रस्त्यावरची भाषा बदलली. आडनावं मात्र सगळी सोयरिकीतली. देवघर तेच, जेवणानंतरच्या गप्पाही त्याच : कुणाचं जमलं, कुणाचं मोडलं. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 च्या धामधुमीत ग्वाल्हेर-झाशीपर्यंत जाऊन आले. त्यांना वाटेत शिपायांनी लुटलं, पण उत्तरेत जागोजाग दक्षिणी ब्राह्मणांची घरं होती, तिथं पाट मांडला जाई. त्यांच्या ‘माझा प्रवास’चं कौतुक करताना त्या पाटाचा आपल्याला विसर पडतो.

ज्याला हा पाट नाही त्यानं काय करायचं? अमेरिकेत आणि लंडनमध्ये शिकून आलेले डॉ. आंबेडकर बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा राहायला जागा मिळेना. पारशी असल्याचं भासवून ते पारशांच्या उतारशाळेत राहिले. तिथून लाठ्या घेतलेल्या जमावानं त्यांना बाहेर काढलं. मग मित्र आठवले. एक हिंदू, तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती, त्यानं बायको गावाहून येईल, तिला विचारावं लागेल असं सांगितलं. त्या उत्तराचा अर्थ बाबासाहेबांना कळला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी हे सगळं लिहून ठेवलं आहे. त्यांनी बडोदं सोडलं.

शाहू महाराजांनी हीच अडचण शिक्षणाच्या बाजूनं पाहिली होती. खेड्यातून कोल्हापुरात शिकायला आलेल्या ब्राह्मण मुलाला नात्यातलं घर असे. तेही नसलं तर वार लावून जेवता येई. मराठा, जैन, मुसलमान, महार मुलानं जायचं कुठं? 1896 साली महाराजांनी सर्वांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं. तिथं ब्राह्मण मुलांचीच भरती झाली. मग 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग, 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार बोर्डिंगांवर टीका करणारे तेव्हाही होते, आजही आहेत. एकत्र ठेवण्याचा प्रयोग आधी झाला होता आणि तो का फसला, हे ते सांगत नाहीत. ज्याला शहरात मामा नाही त्याच्यासाठी सरकारनं मामा व्हायचं, असा तो सरळ हिशेब होता.

आज लॉजवाला आधारकार्ड बघतो आणि किल्ली देतो. परकेपणा म्हणून आपण त्याला नाकं मुरडतो. पण त्याच परकेपणामुळे कित्येकांना पहिल्यांदा अंबाबाईच्या गावात रात्र काढता आली.

नातेवाइकांकडे जाऊ नये असं आमचं म्हणणं नाही. जावं, दोनाचे तीन दिवस राहावं. कोल्हापूरकरांनी मात्र यंदा पाहुण्यांना रंकाळ्याबरोबर एखादं बोर्डिंगही दाखवावं, आणि संध्याकाळच्या चहाला सोयरिकीबाहेरच्या एखाद्या घरी न्यावं. जेवणाचंही तिकडंच ठरलं, तर वहिनींची काही हरकत नसेल.