दान की देणे?

कारखान्याशेजारच्या शाळेला बाके मिळाली, वस्तीत पाण्याची टाकी उभी राहिली, की तीवर कंपनीचे नाव ठळक रंगविले जाते आणि आपल्यातील वडीलधारी माणसे हात जोडतात. धम्मबांधवांनो आणि भगिनींनो, हात जोडण्यापूर्वी कायदा काय म्हणतो ते जाणून घ्या.

२०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी, अथवा उलाढाल १,००० कोटी, अथवा निव्वळ नफा ५ कोटी रुपयांहून कमी नाही, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यापैकी निदान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावेत, असे बंधन त्याने घातले. सातव्या अनुसूचीत या कामांची यादी आहे. सामाजिक व आर्थिक दृष्ट्या मागासलेल्यांच्या वाट्यास आलेली विषमता कमी करणे, हे त्यांतीलच एक काम होय. तेव्हा हा पैसा म्हणजे कोणा शेटजींची कृपा नव्हे.

परंतु या कायद्याची सूत्रे कोणाच्या हाती आहेत? काम कोणते, कोठे आणि कोणामार्फत करावयाचे, हे कंपनीचे संचालक मंडळ ठरविते. सरकार त्यात आज्ञा देत नाही. कंपनीच्या परिसरास प्राधान्य द्यावे असे कलमात लिहिले आहे खरे, पण ते बंधनकारक नव्हे, असा खुलासा सरकारनेच २०२१ साली केला. २०१९ साली संसदेने कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांस तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद मंजूर केली होती. उद्योगपतींनी ओरड केली आणि ती तरतूद अमलात येण्यापूर्वीच बारगळली! तिच्या जागी दंड आला. न खर्चिलेली रक्कम ठरलेल्या निधीत वा खात्यात मुदतीत न भरल्यास, तिच्या दुप्पट अथवा एक कोटी, यांपैकी जे कमी असेल तेवढा. म्हणजे चाळीस कोटी थकविणाऱ्या कंपनीसही दंड एक कोटीचाच. हा हिशेब कोणाच्या सोयीचा, ते सुज्ञांस सांगणे न लगे.

सरकार आणि भांडवलदार यांच्या या बैठकीत, ज्यांच्या नावाने खर्च पडतो त्यांना आसन नाही. एक दार मात्र उघडे आहे. मंजूर केलेल्या कामांची माहिती कंपनीने आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केलीच पाहिजे. आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी ती उतरवून घ्यावी व ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. कागदावर टाकी असेल आणि वस्तीत नसेल, तर ती कोठे गेली, हे कंपनीस व कंपनी व्यवहार मंत्रालयास लेखी विचारावे, आणि पत्राची पोच जपून ठेवावी.