नाटकाला छत हवे, की जागा हवी?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. राजर्षी शाहू छत्रपतींच्या आश्रयाने १९१५ साली उभी राहिलेली ती वास्तू. आणि ज्या थोर गायकनटाचे नाव तिने पुढे धारण केले, त्याच्या जयंतीची ती पूर्वसंध्या! त्याआधी वर्षभर, जुलै २०२३ मध्ये, पणजीच्या कला अकादमीत दुरुस्तीचे काम चालू असतानाच खुल्या रंगमंचावरील छत कोसळले होते. या दोन्ही घटनांनी मराठी नाट्यरसिक हळहळला, हे स्वाभाविकच होते. तथापि त्या हळहळीतून जो एक प्रश्न वारंवार ऐकू आला, त्याचा येथे थोडा विचार करावा असे आम्हांस वाटते. “आता नाटक कोठे करावयाचे?” असा तो प्रश्न होता.

हा प्रश्न आपल्या पणजोबांना पडला नसता. नाटक म्हणजे पडदा, कमान, रांगेने मांडलेल्या खुर्च्या आणि तिकिटाची खिडकी, हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के बसले आहे, की नाट्यगृह नाही म्हणजे नाटक नाही असेच आपण धरून चालतो. परंतु मराठी रंगभूमीचा आरंभच मुळी नाट्यगृहात झालेला नाही. कर्कीच्या कानडी भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीच्या संस्थानिकांना जी स्फूर्ती झाली, तिच्यापोटी १८४३ साली विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ जन्मास आले, आणि तेही दरबारी मंडळींपुढे, राजवाड्यात. कमानी रंगमंच हे आपल्या नाटकाचे माहेर नव्हे. ते त्याचे नंतरचे बिऱ्हाड आहे. त्या बिऱ्हाडाने संगीत नाटकाला वैभव दिले, नटाला प्रकाश दिला, प्रेक्षकाला निवांतपणा दिला, हे आम्ही नाकारीत नाही. पण बिऱ्हाड म्हणजेच घराणे असे मानण्याची चूक मात्र करू नये.

कोकणात आणि गोव्याच्या उत्तर भागात आजही जत्रेच्या रात्री दशावतार उभा राहतो. देवळाच्या प्रांगणात मोकळी जागा, एक बाकडे, मृदंग, झांज आणि पेटी यांपलीकडे त्यास काही लागत नाही. पूर्वरंगात गणपती, सरस्वती, संकासुर येऊन जातात, मग आख्यान लागते. ते बाकडे घटकेत सिंहासन होते, घटकेत पर्वत होते. संवाद लिहिलेले नसतात. नट ते तेथल्या तेथे रचितो. आणि पहाटे दहीकाला होऊन खेळ संपतो तेव्हा प्रेक्षक नुसता करमणूक होऊन घरी जात नाही, तर देवाचा प्रसाद घेऊन जातो. हाच खेळ उचलून शहरातील वातानुकूलित सभागृहात दोन तासांत बसविला, तर सोंगे तीच राहतील, शब्दही कदाचित तेच राहतील. पण पालखीची वाट, दीपमाळेचा उजेड आणि पहाटेचा गारवा हे त्या नाटकाचे तीन मुके नट मात्र गैरहजर असतील. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीचेही तसेच आहे. धानाची कापणी होऊन शेत मोकळे झाले, की त्याच शेतात मांडव पडतो. दिवसा शंकरपटात बैल धावतात आणि रात्री नाटक रंगते. ज्या जमिनीने वर्षाचे अन्न दिले, तिच्यावरच वर्षाची करमणूक होते, हा संबंध काही सामान्य नव्हे.

मग कोणी म्हणेल, हा सारा गरिबीचा आणि गैरसोयीचा महिमा आहे. सोय झाली असती तर तेही नाट्यगृहातच गेले असते. हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. म्हणूनच येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. नाट्यगृह मिळत नाही म्हणून उघड्यावर केलेले नाटक निराळे, आणि अमुक एका जागेवाचून जे पुरते होऊच शकत नाही असे नाटक निराळे. पहिल्यात जागा ही अडचण असते. दुसऱ्यात ती एक पात्र असते.

या दुसऱ्या प्रकारचे सर्वांत भव्य उदाहरण काशीपलीकडील रामनगरचे. तेथील रामलीला अनंत चतुर्दशीच्या सुमारास सुरू होऊन महिनाभर चालते. अयोध्या, जनकपूर, अशोकवाटिका, लंका ही स्थळे त्या गावात जागोजाग कायमची नेमून दिलेली आहेत. राम वनवासास निघाला, की हजारो प्रेक्षक त्याच्यामागून चालू लागतात. प्रवेश बदलतो तो पडदा पडून नव्हे, तर प्रेक्षकाचे पाय हलून. विजेचे दिवे नाहीत, ध्वनिवर्धक नाही. मशाली आणि पेट्रोमॅक्सच्या उजेडात हजारोंचा समुदाय कान देऊन ऐकतो. रामलीलेची परंपरा युनेस्कोने २००८ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातली. जगाने ज्याला आज नवा नाट्यप्रकार म्हणून नाव दिले, तो गंगेच्या काठी दीडशेहून अधिक वर्षे नांदत होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आधुनिक काळातही जाणत्या दिग्दर्शकांनी हे मर्म ओळखले. पुण्यात जन्मलेले इब्राहिम अल्काझी यांनी १९६३ साली धर्मवीर भारतींचे ‘अंधायुग’ दिल्लीतील फिरोजशाह कोटल्याच्या भग्न भिंतींपुढे केले. महाभारत युद्धाच्या अठराव्या दिवसाच्या संध्याकाळी सुरू होणारे ते नाटक. विनाश दाखविण्यासाठी तेथे रंगविलेल्या पडद्याची गरजच उरली नाही; सहाशे वर्षांचे पडके दगड तेथे साक्षीस उभे होते. पुढे १९७४ च्या सुमारास त्यांनी पुराणा किल्ल्यात ‘अंधायुग’ आणि ‘तुघलक’ यांचे प्रयोग केले. परंपरा ज्या जागेला पांडवांचे इंद्रप्रस्थ मानते, आणि १९४७ मध्ये फाळणीच्या निर्वासितांनी जेथे छावणीत दिवस काढले, त्या जागी कुरुकुळाचा शोक ऐकणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. ‘तुघलक’ हे गिरीश कार्नाडांचे मूळ कानडी नाटक. त्याचा उत्तरार्ध दौलताबादेत घडतो, म्हणजे आपल्याच देवगिरीवर! ज्या तटांच्या आत दिल्लीहून ओढून आणलेली प्रजा कोंडली गेली, त्या तटांच्या सावलीत ते नाटक पाहावयास मिळावे, ही इच्छा आम्ही येथे नोंदवून ठेवितो.

परदेशातही हीच कथा. साल्झबर्गच्या कॅथीड्रलसमोर माक्स राइनहार्ट यांनी १९२० साली ‘येडरमान’ हे नाटक केले, आणि मृत्यूची हाक देणारे आवाज आसपासच्या मनोऱ्यांवरून उठविले. सारे गाव त्यात रंगमंच झाले. पीटर ब्रूक यांनी १९८५ साली आपले महाभारत फ्रान्समध्ये आविन्यों गावाजवळच्या एका दगडाच्या खाणीत केले; नऊ तासांचे ते नाटक रात्रभर चालून पहाटे संपले. आपल्या दशावताराचे जे वेळापत्रक, तेच तेथे नव्या युगाचे आश्चर्य ठरले, याची आम्हांस गंमत वाटते आणि थोडी खंतही वाटते.

जागेचा आणखी एक अर्थ आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. जागा म्हणजे नुसते दगड नव्हेत. तेथे राहणारी माणसेही होत. नगररचनाकार असलेले बादल सरकार यांनी कलकत्त्यात कमानी रंगमंच सोडला, तिकीट सोडले, झगमगाट सोडला आणि कर्झन पार्कच्या हिरवळीवर लोकांत मिसळून नाटक केले. शहरे कागदावर आखणाऱ्या माणसाला शहरातील माणूस कोठे भेटतो हे ठाऊक होते. मुंबईत १९७४ साली अरविंद व सुलभा देशपांडे यांच्या ‘आविष्कार’ने दादरच्या छबिलदास शाळेचे साधे सभागृह घेतले, आणि व्यावसायिक गणितात न बसणारी कित्येक नाटके तेथे श्वास घेऊ लागली. एका शाळेचे नाव एका नाट्यचळवळीस मिळावे, यापेक्षा जागेचा मोठा सन्मान कोणता?

आणि या मार्गाची किंमतही कधी कधी फार जबर असते. १ जानेवारी १९८९ रोजी दिल्लीजवळील साहिबाबादच्या झंडापूर येथे कामगारवस्तीत ‘हल्ला बोल’ या पथनाट्याचा प्रयोग चालू असताना हल्ला झाला. सफदर हाश्मी दुसऱ्या दिवशी मरण पावले. एक कामगारही त्यात बळी पडला. ४ जानेवारीला त्यांच्या पत्नी मलयश्री आणि ‘जन नाट्य मंच’चे कलावंत त्याच जागी परत गेले आणि अर्धवट राहिलेले ते नाटक त्यांनी पुरे केले. त्यांच्या राजकीय मताशी कोणाचा मतभेद असेल, तो खुशाल असावा. पण तो प्रयोग दुसऱ्या कोठल्याही सुरक्षित सभागृहात झाला असता तर तो शोकसभा ठरला असता. त्याच जागी झाला म्हणून तो नाटक राहिला. जागेचे महत्त्व यापेक्षा अधिक स्पष्ट शब्दांत कोणीही सांगू शकणार नाही.

आता मुद्दा येतो तो आजच्या स्थितीचा. उघड्यावरील नाटकाची वाट दिवसेंदिवस अरुंद होत आहे. मोकळी मैदाने वाहनतळांनी आणि बांधकामांनी व्यापिली. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ध्वनिवर्धक बंद केला. राज्य सरकारला वर्षातील फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. २०१० च्या दुरुस्तीने वाद्येही त्या कक्षेत आली. बंदिस्त सभागृहास मात्र त्यातून मोकळीक आहे! रुग्णांना झोप मिळावी, मुलांचा अभ्यास व्हावा, हा त्या नियमांचा हेतू सर्वथैव योग्य आहे, आणि डॉल्बीच्या भिंती उभारून गावाची छाती हादरविणाऱ्यांची कड आम्ही घेणार नाही. पण डॉल्बी आणि मृदंग यांना एकाच तराजूत तोलणे हा न्याय नव्हे. जी लोकनाट्ये रात्रभर चालण्यासाठीच जन्मली, त्यांना दहाच्या ठोक्याला गप्प बसविणे म्हणजे कीर्तनकाराला पूर्वरंग सांगून घरी पाठविण्यासारखे आहे. सरकारने ध्वनिवर्धकाविना होणाऱ्या पारंपरिक प्रयोगांचा निराळा विचार केला पाहिजे, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

त्याचबरोबर नाट्यमंडळींनाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. किल्ला, वाडा, घाट, गिरणीचे आवार ही नुसती चित्रासारखी पार्श्वभूमी म्हणून वापरावयाची नसते. दिव्यांचा लखलखाट आणि आवाजाचा कल्लोळ करून ऐतिहासिक वास्तूपुढे उरकलेला सोहळा आणि त्या वास्तूशी बोलणारे नाटक यांत महदंतर आहे. जागा निवडताना एकच प्रश्न स्वतःस विचारावा: हे नाटक दुसरीकडे केले असता त्याचे काही उणे होईल काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर बिचाऱ्या त्या वास्तूला त्रास न देता सभागृहच गाठावे. संरक्षित स्मारकांत परवानगीवाचून कार्यक्रम करण्यास मनाई आहे ती उगाच नाही. खिळा ठोकलेला दगड पुन्हा सांधत नाही. आणि ज्या वस्तीत नाटक करावयाचे, तेथील माणसांना पाहुण्यासारखे न वागविता यजमान मानले पाहिजे. त्यांच्या दारात आपण गेलेलो असतो.

उघड्यावरच्या प्रयोगाच्या अडचणी आम्हांस दिसत नाहीत असे नाही. पाऊस आहे, धूळ आहे, नटाच्या घशावर ताण आहे. स्त्री-कलावंतांना रंगभूषेसाठी आडोसा नाही, स्त्री-प्रेक्षकांना स्वच्छतागृह नाही, ही तर लाजिरवाणी गोष्ट आहे. यावर उपाय मात्र कोट्यवधींचे नाहीत. नगरपालिकेने आणि ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीत एक तरी मोकळी जागा नाटकासाठी राखून ठेवावी. तेथे पाणी, विजेची जोडणी, दोन खोल्या आणि स्वच्छतागृहे असावीत. परवानगीचा अर्ज ठराविक दिवसांत निकालात निघावा आणि त्यासाठी कलावंताला चार कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागू नयेत. इतके झाले तरी ज्या शेकडो गावांत नाट्यगृह नाही आणि नजीकच्या काळात होण्याचीही चिन्हे नाहीत, तेथील नाटक जगेल.

याचा अर्थ जळालेली वा कोसळलेली नाट्यगृहे विसरावीत असा कोणी काढू नये. ती पूर्ववत उभी राहिलीच पाहिजेत, आणि अशा वास्तूंची अग्निसुरक्षा व देखभाल यांचा हिशेब जनतेने सत्ताधाऱ्यांकडे मागितलाच पाहिजे. परंतु वास्तू एका रात्रीत राख होऊ शकते हे आपण पाहिले. ज्या गावाच्या देवळात, पारावर, खळ्यात आणि शाळेच्या पटांगणात नाटक जिवंत आहे, त्या गावाचे नाटक एका ठिणगीने जळत नाही. नव्या नाट्यगृहाची पायाभरणी होईल तेव्हा होवो. तोपर्यंत नटांनी पेटारे उचलावेत आणि गावांनी आपली अंगणे झाडून ठेवावीत.