परंपरेचा कैवार आणि छापखाना

महाराष्ट्रात परंपरेच्या रक्षणाचे राजकारण वृत्तपत्रांच्या बळावर उभे राहिले. त्याचा पहिला मोठा सामना १८९१ च्या संमतिवयाच्या विधेयकावर झाला. शरीरसंबंधासाठी मुलीचे किमान वय १० वरून १२ करावे, एवढीच त्यातली तरतूद. बंगालमध्ये फुलमणी ही कोवळी मुलगी पतीच्या बळजबरीने दगावल्यावर सरकारला पाऊल उचलणे भाग पडले होते. टिळकांच्या ‘केसरी’ने विधेयकाविरुद्ध रान उठवले. टिळक बालविवाहाचे समर्थक नव्हते. मुलींची लग्ने १६ च्या आत करू नयेत, असे स्वेच्छेचे बंधन त्यांनीच सुचवले होते. परक्या सरकारने धर्मात हात घालू नये, हा त्यांचा आक्षेप होता. रूढीचा अभिमान आणि परसत्तेची चीड अशी एकत्र आल्यावर विधेयकाच्या बाजूने सुधारणावादी रानडे-भांडारकरांनी दिलेले शास्त्राधार लोकांपर्यंत पोहोचलेच नाहीत. ‘सुधारक’ चालवणाऱ्या आगरकरांची तर पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. मार्चमध्ये कायदा झाला, पण लोकमत सनातन्यांकडे गेले आणि १८९५ मध्ये सुधारकांच्या सामाजिक परिषदेला काँग्रेसचा मंडप मिळू शकला नाही. सरकारच्या अधिकाराचा प्रश्न खरा होता. त्याची किंमत दहा-अकरा वर्षांच्या मुलींनी मोजावी, हे मात्र न्याय्य नव्हते.

अमेरिकेतील परंपरावाद्यांनीही आधी आपले नियतकालिक काढले. विल्यम बकली यांचे ‘नॅशनल रिव्ह्यू’ १९५५ चे. १९६४ मध्ये परंपरावाद्यांचे अध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर दारुण हरले, तरी वाचक टिकले आणि १९८० मध्ये रोनाल्ड रेगन निवडून आले. वादाच्या विषयावर दोन्ही बाजू मांडण्याचे रेडिओ-टीव्हीवरचे बंधन १९८७ मध्ये उठले. पुढच्याच वर्षी परंपरावादी निवेदक रश लिम्बॉ यांचा रेडिओ कार्यक्रम देशभर सुरू झाला. १९९६ मध्ये ‘फॉक्स न्यूज’ ही वाहिनी आली. तिथे परक्या सत्तेची जागा वॉशिंग्टनने घेतली. फरकही मोठा आहे. टिळकांनी लेखणीपायी तुरुंगवास भोगला. अमेरिकी निवेदक लोकांनी निवडलेल्या सरकारवर तुटून पडले आणि जाहिरातींच्या उत्पन्नावर श्रीमंत झाले.

या राजकारणाची झळ ज्यांना लागते, त्यांच्याकडे बहुधा छापखाना नसतो. १९२० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवले आहे. नाशिककरांनी तर ही झळ दाराशीच पाहिली. २ मार्च १९३० ला अस्पृश्यांच्या प्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा सनातन्यांनी दरवाजे बंद केले. रामनवमीच्या रथाच्या वादातून दगडफेक झाली, दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली लोकांनी वर्षानुवर्षे मार खाल्ला, तुरुंग भोगला. दरवाजा उघडला नाही. मागणी देवदर्शनाची होती, म्हणजे परंपरेत सामील होण्याची. ती नाकारणाऱ्यांनी परंपरेचेच नुकसान केले. १९३० च्याच नोव्हेंबरमध्ये आंबेडकरांच्या चळवळीने ‘जनता’ हे पत्र सुरू केले. आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला, याच जिल्ह्यातील येवल्यात, हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा डॉ. आंबेडकरांनी केली.