हॅम रेडिओ : आधी कान, मग अँटेना, सेट सर्वांत शेवटी

4 जुलै 2025 रोजी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातून ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला यांनी बंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात जमलेल्या विद्यार्थ्यांशी संवाद साधला. या संवादाचे माध्यम होते हॅम रेडिओ, म्हणजेच हौशी रेडिओ. अवकाशातून आलेल्या त्या आवाजाने अनेक विद्यार्थ्यांचे कुतूहल जागे झाले आणि त्यापाठोपाठ या छंदातला सर्वांत जुना प्रश्नही पुढे आला : सेट कोणता घ्यावा आणि तो केवढ्याला मिळतो?

प्रश्न स्वाभाविक आहे. फक्त तो फार लवकर विचारला जातो. नवखा विद्यार्थी प्रथम हाती धरायचा सेट विकत घेतो, तो अपुरा वाटला की मोठा सेट, मग त्याहून मोठा. प्रत्येक वेळी यंत्र बदलते, पण ऐकू येणाऱ्या केंद्रांची संख्या फारशी बदलत नाही. अखेर यंत्र कपाटात जाते आणि छंद संपतो. या क्रमाला उलटे केल्याशिवाय भारतात हौशी रेडिओ रुजणार नाही. पहिला खर्च कानांवर, म्हणजे ऐकण्याच्या सवयीवर व्हावा, दुसरा अँटेनावर, आणि सेटचा विचार त्यानंतर व्हावा.

ऐकण्यासाठी तर आरंभी खर्चही लागत नाही. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर हा ग्राही इंटरनेटवर कोणालाही खुला आहे. साध्या मोबाइलवरून त्यावर 7 किंवा 14 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात फिरता येते. हौशी केंद्रे एकमेकांना कशी हाक घालतात, कॉलसाइन कसे उच्चारतात, दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत कसे थांबतात, संकेत क्षीण झाला की तेच वाक्य कसे आखडते करतात, हे सारे तेथे कानी पडते. महिनाभर रोज अर्धा तास ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला एक गोष्ट आपोआप उमगते : दुपारी गजबजलेला पट्टा रात्री निर्जन होतो आणि दुसरा जागा होतो. आयनांबराचा धडा पुस्तकातून वाचण्याआधी तो कानांनी शिकलेला असतो.

आता अँटेनाचे गणित पाहावे. रेडिओच्या संकेतमापकावर संकेत एका अंकाने वाढायचा असेल, तर प्रक्षेपणाची शक्ती चौपट करावी लागते. म्हणजे 25 वॉटच्या जागी 100 वॉटचा सेट आणला, तर पलीकडच्या श्रोत्याच्या मापकावरचा काटा अवघा एक अंक पुढे सरकतो. त्या एका अंकासाठी 13.8 व्होल्टला सुमारे 20 अँपिअर प्रवाह देऊ शकणारा पॉवर सप्लायही घ्यावा लागतो. शिवाय ही वाढ फक्त बोलण्यात होते. ऐकण्यात तिचा काडीचाही उपयोग नाही. चांगली अँटेना मात्र बोलणे आणि ऐकणे दोन्ही सुधारते.

दुसरीकडे, ज्या वस्तूकडे कोणी पाहत नाही ती केबल शक्ती कशी गिळते ते पाहावे. बाजारात सहज मिळणाऱ्या आरजी-58 जातीच्या बारीक केबलचे 30 मीटर लांबीचे वेटोळे 145 मेगाहर्ट्झवर वापरले, तर जवळपास तीन-चतुर्थांश शक्ती केबलीतच उष्णता होऊन विरते. 5 वॉटच्या सेटमधून निघालेल्यांपैकी जेमतेम सव्वा वॉट अँटेनापर्यंत पोहोचते. केबल निम्म्या लांबीची केली, तर अँटेनाकडे जाणारी शक्ती दुप्पट होते. नवा सेट घेण्यापूर्वी केबलीची लांबी मोजणे, हा या छंदातला सर्वांत स्वस्त शोध होय.

अँटेनाही महाग नसते. 145 मेगाहर्ट्झसाठी पाव तरंगलांबीची उभी तार साधारण 49 सेंटिमीटरची होते. तिच्या खाली तशाच चार तारा तिरप्या पसरल्या की गच्चीवर बसवण्याजोगी अँटेना तयार होते. सेटसोबत येणाऱ्या रबरी शेपटीपेक्षा ती कितीतरी पटींनी उपयोगी ठरते, कारण या वारंवारतेच्या लहरी सामान्यतः दृष्टिरेषेत जातात आणि उंचीचा लाभ त्यांना सर्वाधिक होतो. 7.1 मेगाहर्ट्झसाठी सुमारे 20 मीटर तांब्याची तार मधोमध तोडून 10-10 मीटरच्या दोन भुजा केल्या की डायपोल होतो. ही तार विजेच्या सामानाच्या कोणत्याही दुकानात मिळते. मधला भाग गच्चीवरच्या काठीला उंच बांधून भुजा दोन्ही बाजूंना उतरत्या सोडल्या, तरी काम भागते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अनेकजण एसडब्ल्यूआर मीटरवर 1:1 आकडा आला की अँटेना उत्तम झाली, असे मानतात. चाचणीसाठी वापरला जाणारा 50 ओहमचा डमी लोडही नेमका हाच आकडा दाखवतो, आणि तो तर आकाशात जवळजवळ काहीच पाठवत नाही. सेटने दिलेली शक्ती परत आली नाही, एवढेच मीटर सांगतो. ती गेली कुठे, हे सांगत नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला मोजमाप आणि निष्कर्ष यांतला फरक शिकवणारे इतके सोपे उदाहरण प्रयोगशाळेत क्वचितच सापडेल.

शहरातल्या विद्यार्थ्याची खरी अडचण पैशांची नसून गच्चीची असते. गृहनिर्माण सोसायटीत काठी उभारायची म्हटली की समितीच्या कपाळावर आठ्या पडतात. त्यांची काळजी सर्वस्वी चुकीची नाही. अँटेना विजेच्या तारांपासून दूर असली पाहिजे, ती वाऱ्यात कोसळणार नाही अशी बांधली पाहिजे आणि वळवाच्या गडगडाटात केबल सेटपासून सोडवून ठेवली पाहिजे. परवाना आणि आराखडा घेऊन, लेखी अर्ज करून समितीसमोर जाणाऱ्या विद्यार्थ्याला होकार मिळण्याची शक्यता रात्रीतून गुपचूप तार ताणणाऱ्यापेक्षा निश्चितच अधिक असते.

परवान्याविषयी तर कोणतीही पळवाट शोधू नये. भारतात हौशी केंद्राचा परवाना दूरसंचार विभागाच्या अखत्यारीतील बिनतारी नियोजन आणि समन्वय शाखा, म्हणजेच डब्ल्यूपीसी देते. 1978 च्या नियमावलीने आखलेल्या चौकटीत दोन श्रेणी रुळल्या : मर्यादित श्रेणीचे कॉलसाइन व्हीयू3 ने सुरू होते, तर सामान्य श्रेणीचे व्हीयू2 ने. मर्यादित श्रेणीला मोर्सची परीक्षा नाही, पण शक्तीची मर्यादा कमी. सामान्य श्रेणीसाठी मिनिटाला 8 शब्दांच्या वेगाने मोर्स यावे लागते. बारा वर्षांचे मूलही ही परीक्षा देऊ शकते. एवढा सोपा दरवाजा असताना ऑनलाइन मिळालेला स्वस्त वॉकी-टॉकी घेऊन विनापरवाना बोलणे, हा शहाणपणा नव्हे. अशा संचांच्या नियमबाह्य विक्रीवरून 2025 च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-व्यापार मंचांना नोटिसा बजावल्या, त्याचे कारण सरळ आहे : चुकीच्या वारंवारतेवर पडलेला एक शब्द पोलिसांच्या किंवा बचावपथकाच्या संदेशात व्यत्यय आणू शकतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो न्याय्य आहे. स्वस्त हँडसेटने या छंदाची दारे सामान्य घरांतील मुलांसाठी उघडली, मग त्याची हेटाळणी का करावी? हेटाळणी करूच नये. परवाना हाती आल्यावर, मान्यताप्राप्त असा साधा हँडसेट आणि गच्चीवरची ती 49 सेंटिमीटरची तार एवढ्यावर गावातल्या रिपीटरपर्यंत पोहोचता येते, ज्येष्ठ हौशी मंडळींशी ओळख होते आणि त्यांच्याकडील वापरलेला, तपासलेला एचएफ सेट रास्त किमतीत मिळण्याची वाटही बहुधा तेथूनच जाते. आक्षेप हँडसेटवर नाही. हँडसेट घेतला म्हणजे केंद्र उभे राहिले, या समजुतीवर आहे.

पुढे जायचे म्हणजे अधिक महाग घ्यायचे, ही दुसरी समजूत. तिला भारतातूनच एक सुंदर उत्तर मिळालेले आहे. हैदराबादचे अशर फरहान यांनी या शतकाच्या आरंभी बिटएक्स नावाचा 14 मेगाहर्ट्झचा एक ट्रान्सीव्हर रचला. आपल्याकडच्या बाजारात सुटे मिळणारे भाग डोळ्यांसमोर ठेवून त्याची रचना केलेली होती. कल्पना अशी की ऐकताना संकेत ज्या टप्प्यांतून आत येतो, बोलताना त्याच टप्प्यांतून उलट दिशेने बाहेर जावा. म्हणजे निम्मे सामान वाचते. मूळ रचनेत गुंडाळीसाठी परदेशी गाभ्याऐवजी नळाचा वॉशर वापरण्याची सोय होती. अवघ्या काही वॉटचा हा सेट जगभरच्या हौशी मंडळींनी बांधला. जो विद्यार्थी असा सेट स्वतः सोल्डर करतो, तो बिघडल्यावर रडत बसत नाही. कोणत्या टप्प्यावर संकेत हरवला ते शोधतो. विकतच्या सेटचा मालक होणे आणि रेडिओ समजणे यांतले अंतर तेथे कळते.

कमी शक्तीचे सामर्थ्य आणखी एका मार्गाने अनुभवता येते. दुहेरी पल्सारच्या शोधासाठी 1993 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारे जोसेफ टेलर हे स्वतः हौशी रेडिओवाले. त्यांनी रचलेल्या डब्ल्यूएसपीआर या पद्धतीत एक वॉटहूनही कमी शक्तीचा संकेत जवळपास दोन मिनिटे संथपणे पाठवला जातो आणि कानाला ऐकूही न येणारा तो संकेत संगणक समुद्रापलीकडे गोंगाटातून वेचून काढतो. महिनाभराच्या अशा नोंदी आलेखावर मांडल्या की सूर्याचा मूडही त्यात दिसतो. ऑक्टोबर 2024 मध्ये नासा आणि नोआ यांनी सूर्य आपल्या कमाल सक्रियतेच्या काळात असल्याचे जाहीर केले. आदित्य-एल1 अवकाशातून ज्या सूर्याचे निरीक्षण करते, त्याच सूर्याचा पृथ्वीच्या आयनांबरावरील परिणाम एखादा अकरावीतला विद्यार्थी आपल्या गच्चीवरून मोजू शकतो. सूर्य उतरणीला लागला की 28 मेगाहर्ट्झचा पट्टा वारंवार मुका होईल, तेव्हा आज पहिला डायपोल बांधणाऱ्याने 7 किंवा 14 मेगाहर्ट्झ निवडणे अधिक शहाणपणाचे.

शाळा-महाविद्यालयांनीही हिशेब नव्याने मांडावा. एकच देखणे, महागडे केंद्र उभारून ते कुलपात ठेवण्यापेक्षा त्याच रकमेत दहा सोल्डरिंग गन, तारेची वेटोळी, काही मीटर आणि परीक्षेची फी भरली, तर अधिक मुले परवानाधारक होतील. भारताने 5 मे 2005 रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी6 ने हॅमसॅट हा 42.5 किलोचा उपग्रह खास हौशी रेडिओसाठी सोडला आणि तो 2014 पर्यंत जगाच्या उपयोगी पडला. ज्या देशाने ही उदारता दाखवली, तेथे उपग्रहाचा आवाज टिपू शकणारी मुले मोजकीच असावीत, हे शोभत नाही.

आणि हा केवळ छंद नाही, याची साक्ष अंदमानने दिलेली आहे. डिसेंबर 2004 मध्ये हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरला गेले होते. अनेक वर्षांनंतर तेथून प्रक्षेपणाची परवानगी मिळाली होती. 26 डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला, त्सुनामी आली आणि बेटांवरचे नेहमीचे संपर्कमार्ग कोलमडले. छंदासाठी नेलेले ते केंद्र त्या दिवसापासून आपत्कालीन दळणवळणाचे केंद्र झाले. आप्तांची खुशाली विचारणाऱ्यांचे संदेश त्यावरून गेले-आले. मुख्य भूमी तेथून सुमारे 1200 किलोमीटर दूर. इतक्या अंतरावर खिशातला हँडसेट कामाचा नसतो. लागते ती एचएफवर चालणारी अँटेना, विजेची स्वतंत्र सोय आणि गोंगाटातून नाव-पत्ता अचूक टिपणारा माणूस.

यातल्या पहिल्या दोन गोष्टी ऐनवेळी कोणी आणूनही देईल. तिसरी दुकानात मिळत नाही. ती रोजच्या अर्ध्या तासाच्या ऐकण्यातून, फसलेल्या डायपोलमधून, पुन्हा मोजलेल्या केबलीतून आणि मोर्सच्या कंटाळवाण्या सरावातून हळूहळू घडते. म्हणून सेट कोणता घ्यावा, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला उत्तर द्यायचे तर ते असे असावे : आज रात्री 7 मेगाहर्ट्झ ऐक, परीक्षेचा अर्ज भर, 20 मीटर तार आण. या तीन गोष्टी झाल्यावर कोणता सेट हवा हे त्याचे त्यालाच कळेल, आणि तो बहुधा आधी मनात आलेल्या सेटपेक्षा स्वस्त असेल.