खात्रीचा इलाज आणि दोन जामीनदार

आपल्या देशात डॉक्टर कमी आहेत अशी तक्रार करणाऱ्याने एकदा आजारी पडून पाहावे. साधी शिंक आली तरी सातजण औषध सांगायला धावतात. सर्दीला सात, काविळीला सत्तर, आणि कॅन्सर झाला की मोजदाद करायला कॅशियरच लागतो. मी कॅशियर आहे आणि मोजदाद केलेली आहे.

आमच्या नानाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. नाना हे टोपणनाव. वय माझ्याएवढेच, पंचेचाळीसच्या आसपास. पण शाळेत असल्यापासून आजोबांसारखा बोलतो म्हणून नाना. दुखणे कळले तेव्हा ते यकृतापर्यंत पोचले होते. डॉक्टरांनी काही लपवले नाही. मुळापासून जाणार नाही, केमोने आवरून धरता येईल, किती काळ ते सांगता येत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ही बातमी डोंबिवलीभर व्हायला एक लोकल पुरली, आणि दुसऱ्या दिवसापासून नानाच्या घरी इलाजांची रांग लागली. तीन आठवड्यांत एकतीस इलाज जमा झाले. गव्हांकुराचा रस, कच्ची हळद, लक्ष्मणफळ, खाण्याचा सोडा, गोमूत्राचा अर्क, जर्दाळूच्या बिया, कमरेला बांधायचा चुंबकाचा पट्टा. एक वैद्य तर फक्त गुरुवारी बसणारे. (कॅन्सर बाकीचे सहा दिवस काय करतो, हे मी विचारले नाही.)

इलाज देणाऱ्यांचे आपसात पटते म्हणाल, तर तेही नाही. मावशींच्या मते दूध म्हणजे विष. भाचेजावयांच्या मते दुधाशिवाय काहीच घ्यायचे नाही. एकाने साखर बंद केली, दुसऱ्याने मध सुरू केला. सगळ्यांचे ऐकले असते तर नाना कॅन्सरच्या आधी उपासमारीने गेला असता.

इथपर्यंत सगळे हसण्यावारी नेता आले असते. पण एका दुपारी वहिनी मुदत ठेवीची पावती घेऊन माझ्या काउंटरशी उभ्या राहिल्या. ठेव मुलीच्या इंजिनिअरिंगची. तीन महिन्यांचा ‘संपूर्ण निर्मूलन कोर्स’, पंच्याऐंशी हजार रुपये, रोख, पावती मिळणार नाही. आणि एक अट : केमो आधी बंद करायची. त्याशिवाय म्हणे औषध लागू पडत नाही.

मी म्हटलं, “वहिनी, आज सर्व्हर डाऊन आहे.” आमच्या खात्यात हे वाक्य सहसा खरे असते, त्यामुळे कोणाला संशय येत नाही.

संध्याकाळी नानाकडे गेलो. तो म्हणाला, “लेका, तू बी.कॉम. मी काही जगाचं भलं करायला निघालेलो नाही, मला फक्त हिशेब मांडून दे. कशाला किती लागतं आणि बदल्यात काय मिळतं.”

तेव्हा वाचकहो, पुढचे सगळे डॉक्टरी नव्हे, कारकुनी आहे.

पहिली बाब पुराव्याची. प्रत्येक इलाजामागे एक बरा झालेला माणूस असतो. तो नेहमी सांगलीला किंवा साताऱ्याला असतो आणि सांगणाऱ्याच्या साडूच्या ओळखीचा असतो. आता बँकेने बुडीत कर्जे वगळून फक्त फिटलेल्या कर्जांचा ताळेबंद छापला, तर जगातली प्रत्येक बँक नफ्यात दिसेल. बरे झालेले बोलतात, दगावलेले सत्काराला येत नाहीत. आणि बरे झालेल्याची पूर्ण चौकशी करा, म्हणजे कळते की गृहस्थाचे ऑपरेशन झाले होते, केमो झाली होती. श्रेय मात्र हळदीच्या खात्यावर जमा. २०२४ च्या नोव्हेंबरात नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीच्या कॅन्सरमुक्तीची आनंदाची बातमी दिली आणि लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंब यांचे गुण गायले. बाईंचे ऑपरेशन आणि केमो झाली होती हे बाजूला राहिले आणि देशभर लिंबे पिळली जाऊ लागली. शेवटी टाटा हॉस्पिटलच्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांना निवेदन काढावे लागले, की बाबांनो, याला पुरावा नाही, उपचार थांबवू नका. सिद्धूंनीही मागाहून खुलासा केला, की आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घेतला होता. लिंबाचा निरोप दहा गटांतून आला. खुलासा माझ्याकडे एकाही गटातून आला नाही.

दुसरी बाब ‘नैसर्गिक’ या शब्दाची. जर्दाळूच्या बियांतून काढलेल्या लेट्राइल नावाच्या औषधाने एके काळी अमेरिकेत धुमाकूळ घातला होता. अखेर ते १७८ रुग्णांना रीतसर देऊन पाहिले आणि १९८२ साली निकाल छापून आला. एकही बरा झाला नाही. उलट काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ पोचले. सायनाइडही निसर्गातच सापडते, बरे का! उलट आपल्या तुळशीकट्ट्याशेजारची सदाफुली बघा. तिच्यातून निघालेली विनक्रिस्टीन आणि विनब्लास्टीन ही औषधे साठाहून अधिक वर्षे कॅन्सरवर वापरली जात आहेत. म्हणजे झाडपाल्याशी डॉक्टरांचे वैर नाही. झाडपाला तपासला, मात्रा ठरवली, गुणदोष लिहून ठेवले, की त्यालाच ते औषध म्हणतात. हळदीचे पेटंट अमेरिकेतून १९९७ साली रद्द झाले तेव्हा आपण माशेलकरांचे नाव अभिमानाने घेतले. पण ती लढाई आपण छाती ठोकून नव्हे, कागद दाखवून जिंकली होती. मग कॅन्सरच्या बाबतीतच कागद मागितला की तो पूर्वजांचा अपमान कसा होतो?

तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची, कारण माझे खरे भांडण तिच्याशी आहे. ती म्हणजे “घेऊन बघायला काय हरकत आहे?” हे वाक्य. हे बोलणारा खिशातून दमडी काढत नाही आणि कडू काढा स्वतः पीत नाही. अहो, हरकत आहे! अमेरिकेत २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नेहमीचे उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचार घेतलेल्या २८१ जणांची तुलना रीतसर उपचार घेतलेल्यांशी केली होती. पहिल्या गटात मृत्यूचा धोका अडीचपट निघाला. ते सगळे कॅन्सर न पसरलेले, म्हणजे नानाला हे माप तंतोतंत लागू नाही. नानाच्या वाट्याला दिवसच मोजके, म्हणून त्याची हरकत वेगळी आणि मोठी. गुरुवारच्या वैद्यांसाठी पहाटे चारला उठून रांग लावली, तर एक दिवस गेला. श्रीखंड बंद केले, तर उरलेली चव गेली. यकृत आधीच दुखावलेले, त्यावर काय घातले आहे हे न सांगणाऱ्या पुड्या. मुलीची ठेव गेली. आणि एवढे करून गुण आला नाही, तर निर्मूलनवाले पैसे परत करत नाहीत. ते म्हणतात, “तुम्ही पथ्य नीट पाळलं नसेल.” बुडालेल्या माणसाला वर दंडव्याज! जाणारा अपराधी होऊन जातो आणि मागे राहिलेली बायको जन्मभर आठवत बसते, की त्या दिवशी चुकून चहात साखर पडली होती.

कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने या देशात गुन्हा आहे. पण कायदा जाहिरातीला आहे, मावशींना नाही.

आता समोरच्या बाजूचीही एक नोंद मांडली पाहिजे, नाहीतर हिशेब जुळायचा नाही. मोठ्या इस्पितळात चार तास बसल्यावर डॉक्टर पाच मिनिटे भेटतात, कारण बाहेर आणखी दोनशे माणसे असतात. गुरुवारचे वैद्य तासभर बसवून घेतात. झोप लागते का, भीती कसली वाटते, विचारतात. नाना मला म्हणाला, “इतक्या दिवसांत मला भीतीबद्दल विचारणारा तो एकटाच.” हे ऐकून मी गप्प झालो. लोक पंच्याऐंशी हजार पुडीचे देत नाहीत, त्या तासाचे देतात.

पण तो तास देणारे शास्त्रही आहे, आणि आपण त्याच्या नावानेच दचकतो. वेदना आणि त्रास कमी करणारी ती शाखा, पॅलिएटिव्ह केअर. आपल्याकडे तिचा अर्थ ‘डॉक्टरांनी हात टेकले’ असा लावतात. वास्तविक २०१० साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टनच्या एका अभ्यासात पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना ही सेवा सुरुवातीपासून, नेहमीच्या उपचारांच्या जोडीने दिली. ते कमी खचले, आणि सरासरीने जास्त जगलेही : साडेआठ-नऊ महिन्यांऐवजी साडेअकरा. यात कसला चमत्कार नव्हता. दुखणे आवरले होते आणि कोणीतरी नीट विचारपूस करत होते.

तेव्हा मी नानाच्या वहीत दोनच रकाने आखले. एक ‘जोडीला’, दुसरा ‘ऐवजी’. प्राणायाम, पायांना मालिश, संध्याकाळचे अभंग हे सगळे डॉक्टरांना विचारून जोडीला. केमो सोडून ‘ऐवजी’ घ्या म्हणणारा प्रत्येक इलाज दुसऱ्या रकान्यात, आणि त्यावर आडवी लाल रेघ. मॉर्फिनचे नाव निघाल्यावर घरात रडारड झाली. पण वेदनेच्या डॉक्टरांनी तासभर बसून समजावले, आणि त्या रात्री नाना महिन्याने प्रथमच सलग सहा तास झोपला. निर्णय त्याचा त्याने घेतला. ठेव जागच्या जागी आहे. श्रीखंड सुरू आहे. हा मजकूर लिहीत असताना तो अशक्त आहे, पिवळा आहे, आणि रमीत माझ्याकडून एकशेचाळीस रुपये येणे काढतो आहे. पुढचे मला ठाऊक आहे, त्यालाही ठाऊक आहे. म्हणून तर पत्ते रोज पिसतो.

माझे एवढेच म्हणणे, की अशा घरी जाताना इलाज नेऊ नका. तुम्हाला हातावर हात ठेवून बसवत नाही, हे मला समजते. पण तुमच्या मनाच्या शांतीसाठी दुसऱ्याने काढा का प्यायचा? त्यापेक्षा भाजी आणून द्या, वहिनींना दोन तास झोपू द्या, औषधांच्या रांगेत तुम्ही उभे राहा. काहीच सुचले नाही तर नुसते बसा. बसण्याचे दुष्परिणाम अजून कोणी नोंदवलेले नाहीत.

आणि इतके सांगूनही तुमच्याकडे खात्रीचा इलाज असेलच, तर आमच्या शाखेत या. पन्नास हजारांच्या कर्जालाही आम्ही दोन जामीनदार मागतो; इथे तर माणसाचा जीव आहे. बरे झालेल्यांची आणि न झालेल्यांचीही संपूर्ण यादी आणा, शिवाय इलाज फसल्यास मी जबाबदार, असे लिहून देणारे दोन सद्गृहस्थ आणा. वेळ दहा ते चार. त्या दिवशी सर्व्हर चालू राहील, याची जबाबदारी माझी.